दिवाणखान्यातली खाट

सेडर रेस्टमध्ये भिंतीवरच्या कागदाला एसी होता आणि माणसाला नव्हता. हे मी चर्चमधल्या बायकांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, ओझेला बॅटल नेहमीसारखं तिखटमीठ लावून सांगतेय. पण त्या घराला तिखटमीठ लावायची कधी गरजच पडली नाही. खालच्या दोन मोठ्या खोल्यांच्या भिंतींवर फ्रान्समधून आणलेला चित्रांचा कागद आहे. पोपट, ताडाची झाडं, कुठल्याशा राजाची मिरवणूक. त्या कागदाला दमट हवा सोसत नाही म्हणून वारसा मंडळानं खाली एसी बसवला. वरच्या मजल्यावर, तापलेल्या छपराखाली, मिस्टर अन्सेल थॅक्स्टन अर्धांगवायू होऊन पडले होते. त्यांच्या खोलीला साधा पांढरा रंग होता, म्हणून त्यांच्या वाट्याला टेबलावरचा पंखा आला.

मी घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना आंघोळ घालायचं काम करते. सेडर रेस्टला मी एक दिवसाआड जायची. त्या घराशी माझं नातं तसं जुनं आहे. माझी खापरपणजी तिथे गुलाम म्हणून विकत आणलेली होती. यादवी युद्धाच्या आधी तिनं तिथलं लाकूड पुसलं, तिथली भांडी घासली, आणि त्या घरातून कुणी पळालं तर मागे कुत्री सोडत. त्यामुळे थॅक्स्टनांचं छप्पर उडून मिसिसिपी नदीत जाऊन पडलं असतं तरी मला झोप चांगलीच लागली असती. पण मी सांगतेय ती विलोडीनची गोष्ट, आणि तिचा त्या घरावर माझ्यापेक्षा जास्त राग होता की कमी, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

विलोडीन थॅक्स्टनांच्या घरात जन्मली नव्हती. तिचा बाप लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे, दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं. शाळा सुटल्यावर ती मेन स्ट्रीटवरच्या चपलांच्या दुकानात लागली. तिथे अन्सेल थॅक्स्टन बूट घ्यायला आला आणि मग त्याला बुटांची गरज वारंवार पडायला लागली. गावानं नावं ठेवली. थॅक्स्टनांच्या मुलानं करवतवाल्याची पोर केली म्हणून सासूनं लग्नात काळे कपडे घातले, असं माझी आई सांगायची. आईनं ते लग्न स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं, वाढपी म्हणून.

सासूनं सुनेला एकच गोष्ट शिकवली: घर दाखवायचं भाषण. आमच्या पोर्ट ॲम्ब्रोजमध्ये वसंतात सगळी जुनी घरं उघडतात, सेडर रेस्ट तर वर्षभर दर शनिवारी, लांबून बसगाड्या येतात, आणि घराच्या बायका आत पोलादी कड्या असलेले घेरदार घागरे घालून दारात उभ्या राहतात. विलोडीनला ते भाषण पाठ करवलं, शब्द न शब्द. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, जिन्याच्या कठड्यावर हात कसा ठेवायचा, म्हणजे ठेवायचा नाहीच, नुसता ठेवल्यासारखा दाखवायचा. "हे घर थॅक्स्टन कुटुंबानं बांधलं," असं भाषणाचं पहिलं वाक्य होतं. मी एकदा ओला टॉवेल पिळता पिळता तिला विचारलं, "एकट्या कुटुंबानं, मिस विलोडीन? वीटसुद्धा त्यांनीच थापली?" पुढच्या शनिवारी मी मागच्या दारानं आत येत होते तेव्हा तिचा आवाज ऐकला. ती म्हणत होती, हे घर बॅटल आणि इतर घराण्यांतल्या गुलाम माणसांनी थॅक्स्टनांसाठी बांधलं. मंडळानं तिला त्याबद्दल समज दिली. तिनं ते वाक्य काढलं नाही, फक्त मंडळाची माणसं हजर असली की हळू आवाजात म्हणायची.

हे मंडळ म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. विलोडीनच्या सासऱ्यांच्या वेळी घराचं छप्पर कोसळायला आलं होतं. मंडळानं ते बांधून दिलं आणि बदल्यात सासऱ्यांनी सही करून दिली: या घरात मंडळाला विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही, खालच्या खोल्या आहेत तशाच ठेवायच्या, घर लोकांना दाखवत राहायचं, आणि शेवटच्या थॅक्स्टननंतर घर मंडळाचं. विधवा असलीच तर तिनं वर राहावं, खाली घर दाखवावं. हे सगळं कायमचं. थॅक्स्टन मंडळी वरच्या तीन खोल्यांत राहायला गेली आणि खालच्या खोल्यांना मखमली दोर लागले. मागचं जुनं स्वयंपाकघर तिकिटं आणि मुरंब्याच्या बरण्या विकायचं दुकान झालं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसला प्रकार.

विलोडीनला लग्नानंतर एकच गोष्ट हवी होती. हायवेलगत नवी घरं झाली होती, विटांची, बुटकी, सरळ छताची, गाडीला शेड असलेली. तिला तसलं घर हवं होतं. ती मला म्हणायची, "ओझेला, मला असं घर हवं की खुर्चीवर चढलं की छताला हात लागला पाहिजे. इथे मी बोलते ते वर जाऊन कुठेतरी हरवतं." मूलबाळ झालं नाही. अन्सेलला ते घर सोडायचं नव्हतं. तो नुसता त्या घरात राहत नव्हता, मंडळाचा अध्यक्ष होता, तोही वर्षानुवर्षं.

आणि काय कडक अध्यक्ष. आमच्या गावात अजून लोक सांगतात. मिसेस टुली नावाची एक म्हातारी होती, चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या घरात एकटी राहायची. गुडघे गेले म्हणून तिनं पुढच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला. अन्सेलनं तो काढायला लावला. युद्धाआधीच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, म्हणून आताही नाही. पुढच्या थंडीत पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर आला आणि म्हातारी पडली, खुबा मोडला, ती परत उठलीच नाही. अन्सेल तिच्या अंत्ययात्रेला गेला, पहिल्या रांगेत बसला. त्याच्याशी कुणी त्याबद्दल बोललं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी तोंडावर बोलत नाहीत, जेवणाच्या टेबलावर बोलतात, तो माणूस नसताना.

मग त्याला झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, पण डोकं शाबूत. दवाखान्यातून आणलं तेव्हा वरच्या खोलीतच आणलं, कारण खाली खाट टाकायला जागा म्हणजे फक्त दोराच्या आतली. तो प्रसिद्ध जिना, भिंतीला न टेकता हवेत गिरकी घेत वर जाणारा, ज्याचे फोटो काढायला लोक येतात, तो त्याच्यासाठी बंद झाला. विलोडीननं मंडळाकडे जिन्याला सरकती खुर्ची लावायची परवानगी मागितली. नाकारली. खुर्चीचे स्क्रू लाकडात जातील. खिडकीत एसी बसवायची मागितली. नाकारली. पुढून तो रस्त्यावरून दिसेल आणि मागून बागेत लिंबूपाणी पिणाऱ्या पाहुण्यांना दिसेल. तिसऱ्यांदा ती स्वतः मिस कॉर्डीकडे गेली.

मिस कॉर्डी स्प्रूल म्हणजे अन्सेलनंतरची अध्यक्ष. समोरच्याच घरात राहते. तिच्या व्हरांड्यातून सेडर रेस्टचं दार, जिना, आणि दिवाणखान्याच्या खिडक्या सरळ दिसतात. बाई दुष्ट नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण दुष्ट असती तर सगळं सोपं झालं असतं. तिनं विलोडीनला थंड चहा दिला, हात हातात घेतला, आणि म्हणाली, "अगं, मी परवानगी दिली तर अन्सेलच मला कधी माफ करायचा नाही. त्यानंच शिकवलंय आम्हाला. त्याला चांगल्या नर्सिंग होममध्ये ने."

खरी गोम तिथेच होती. अन्सेललाही ती परवानगी नकोच होती. विलोडीन परत आली आणि तिनं त्याला सांगितलं तेव्हा मी त्याची पाठ पुसत होते. तो म्हणाला, "बरोबर बोलली कॉर्डी. टुलीबाईंना मी कठडा काढायला लावला होता. आता स्वतःसाठी बसवू?" मग, भिंतीकडे बघत, "मी खाली जाईन तो एकदाच. सहा माणसं लागतील, आणि मी एक अक्षर बोलणार नाही."

विलोडीन खोलीतून निघून गेली. शनिवार होता. खाली बस आली होती. तिला घागरा चढवायचा होता.

त्या उन्हाळ्यात एकदा मी तिला तोंडावर विचारलं. आम्ही मागच्या पायऱ्यांवर शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "मिस विलोडीन, माझ्या खापरपणजीच्या मागे कुत्री लागायची. तुमच्या मागे तर कुत्रं नाही. मग तुम्ही जात का नाही?"

तिला राग आला नाही. तिनं शेंगेतले दाणे भांड्यात टाकले. "त्याला इथून हलवलं तर तो मरेल. त्याला टाकून मी गेले तर मी मरेन. तू सांग, कुठल्या दारानं जाऊ?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग ती म्हणाली की मी तिला ते मानाचं मिस लावू नये, आता इतकी वर्षं झाली. मी म्हटलं, सवय तुमच्याच लोकांनी लावली, आता तुम्हीच भोगा. ती बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली, आणि मग लगेच वर बघितलं, त्याची झोप मोडली की काय म्हणून.

ऑगस्टमध्ये हवा इतकी जड झाली की धुतलेले कपडे दोरीवर वाळेनात. अन्सेलच्या छातीत पाणी साठायला लागलं. आडवा झाला की श्वास लागायचा, म्हणून विलोडीन त्याला रात्रंदिवस उशांना टेकवून बसवायची आणि ओल्या फडक्यानं पुसत राहायची. एका सकाळी मी गेले तर त्याचे ओठ निळसर झाले होते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, एक तर इस्पितळात न्या, नाहीतर निदान थंड खोलीत तरी ठेवा. या भट्टीत नको. इस्पितळ म्हटल्यावर अन्सेलनं मान हलवली. विलोडीन खिडकीशी उभी होती. खाली, तिच्या पायांखाली, राजाची मिरवणूक थंडगार हवेत चालली होती.

ती वळली आणि मला म्हणाली, "लुशस आज कुठे असेल?"

लुशस माझा दीर. आमच्या चर्चच्या खांदेकऱ्यांचा मुकादम. गावातल्या काळ्या माणसांपैकी निम्म्यांना त्यानंच थडग्यापर्यंत नेलंय, आणि कुणालाही कधी पाडलं नाही. मी म्हटलं, आज सकाळी एक दफन आहे, दुपारपर्यंत मोकळा होईल.

अन्सेलला कळलं. तो धापा टाकत म्हणाला, "मंडळाला विचारलंस?"

"नाही."

"विचारलं पाहिजे, विलो."

"लग्न झाल्यापासून विचारतेच आहे मी, अन्सेल. आज नाही विचारणार."

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्यानं तिला तशी पहिल्यांदाच पाहिली. मग त्यानं चांगला हात थोडा उचलला आणि खाली टाकला, म्हणजे कर तुला काय करायचं ते.

लुशस आणि त्याची माणसं दफनावरून सरळ आली. कपडे बदलायला वेळ नव्हता, मीच घाई केली होती. सहाही जण काळ्या सुटात, हातात पांढरे मोजे. गाडी म्हणजे त्यांची ती लांब काळी शववाहिनी, ती पुढच्या दारासमोर उभी केली, कारण मागच्या वाटेवर दुकानाचे डबे होते. तिच्यातला कापडी स्ट्रेचर काढून ते वर गेले. अन्सेलला त्यावर निजवलं, हनुवटीपर्यंत पांढरी चादर ओढली. जिन्यावरून खाली बघितलं की गरगरतं म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

लुशसनं मोजे काढायला घेतले, पकड नीट बसावी म्हणून. आणि विलोडीन, जिन्याच्या तोंडाशी उभी, सवयीनं म्हणाली, "कठड्याला उघडा हात लावू नका हं, घामानं झिलई जाते." मग तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. लुशस म्हणाला, "बरं, मॅडम," आणि मोजे परत चढवले. सगळ्यांनीच तसेच ठेवले. ते सहा जण त्या हवेतल्या जिन्यावरून इतके सावकाश उतरले की त्यांच्या बुटांचाही आवाज आला नाही. पाय टाकायची ती रीत त्यांना दुसऱ्या कामातून आलेली होती.

दिवाणखान्यात आम्ही दोर सोडले, छोटी टेबलं बाजूला केली, वरची लोखंडी खाट जोडून टाकली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. अन्सेलनं थंड हवेत एक लांब श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा आडवा झोपला. विलोडीन खाटेच्या कडेला जमिनीवर बसून राहिली. लुशस आणि मंडळी टोप्या हातात धरून बाहेर पडली.

आता हे सगळं मिस कॉर्डीच्या व्हरांड्यातून कसं दिसलं असेल ते बघा. दारात शववाहिनी. काळ्या सुटातली, पांढऱ्या मोज्यांची सहा माणसं. चादरीखाली डोळे मिटलेला अन्सेल, दिवाणखान्यात. मग झडपा बंद. थॅक्स्टनांचा प्रत्येक माणूस दिवाणखान्यातूनच गेलेला आहे, ही त्या घराची रीत. बाईंची काय चूक? पोर्ट ॲम्ब्रोजमध्ये दारावर काळी फीत घरच्यांनी बांधायची नसते, शेजाऱ्यानं बांधायची असते, न बोलता, दार न वाजवता. मिस कॉर्डीनं कपाटातून फीत काढली, डोळे पुसले, रस्ता ओलांडला आणि आमच्या दारावर बांधून गेली. मग घरी जाऊन फोनला बसली.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळा गाव हजर. मी स्वयंपाकघरात होते, तर पहिलं हॅम आलं. मग मसाला भरलेली अंडी, लोण्यात परतलेले वाल, मक्याचा पाव, पीचची पाई, तीन प्रकारचं बटाट्याचं सॅलड. बायका मला मिठी मारून मुसमुसत होत्या आणि मला वाटत होतं, अन्सेल खाली आला याचा या गोऱ्या बायकांना इतका आनंद? पाद्री आले. मंडळाच्या बायका काळे कपडे घालून, हातात जेवणाचे पुठ्ठ्याचे खोके घेऊन, दिवाणखान्यात शिरल्या. मिस कॉर्डी सगळ्यांत पुढे. तिनं जमिनीवर बसलेल्या विलोडीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की तो किती शांत दिसतोय, अगदी झोपल्यासारखा.

"झोपलाच आहे," विलोडीन म्हणाली.

"हो गं, हो."

तेवढ्यात अन्सेलनं डोळे उघडले. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं, काळ्या कपड्यांकडे, हातातल्या खोक्यांकडे, आणि जड जिभेनं सावकाश म्हणाला, "कॉर्डी, हॅम तुझं आहे का? तुझं असेल तर मला नको. तू फार खारट करतेस."

कुणी किंचाळलं नाही. आमच्याकडे माणसं किंचाळत नाहीत, खाली बसतात. पाद्री एका खुर्चीवर बसले, ज्या खुर्चीवर बसायची मनाई होती. मिस कॉर्डी उभीच राहिली, पण रंग उडाला होता. हळूहळू सगळ्यांना कळलं. कुणी हसलं, कुणाला राग आला. एक बाई आपलं सॅलड उचलून परत घेऊन गेली, ते मी लक्षात ठेवलंय.

मिस कॉर्डी सावरल्यावर म्हणाली, "अन्सेल, तू बरा आहेस, देवाची कृपा. पण ही खाट शनिवारपर्यंत वर जायला हवी. तुला माहीत आहे."

"थॅक्स्टन दिवाणखान्यातून जातात," अन्सेल म्हणाला. "ही रीत आहे की नाही?"

"आहे."

"मग मी जातोच आहे. थोडा हळू जातोय, एवढंच."

मंडळ सगळं रीतीवर चालतं. शिवाय तिचं हॅम टेबलावर होतं, आणि ज्या घरात मयताचं जेवण नेलं त्या घरातल्या माणसाला वरच्या भट्टीत परत पाठवायचं, तेही सगळ्या गावासमोर, हे तिच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. ती निघताना दारावरची फीत सोडायला गेली. अन्सेलनं मागून सांगितलं, राहू दे, मला दे. ती फीत त्यानं उशीखाली ठेवली.

पुढचे आठवडे, खरं सांगते, मला आवडले. शनिवारी बस यायची आणि विलोडीन घागरा घालून लोकांना आत आणायची. दोराच्या पलीकडे, पोपटांच्या खाली, खाटेवर अन्सेल. एका माणसानं तिला हळूच विचारलं की हा खरा आहे का. दुसरी बाई म्हणाली, किती छान बसवलंय. अन्सेलला मजा वाटायची. आणि लोक जिन्याकडे वळले की तो प्रत्येक वेळी तेच म्हणायचा. "हात लावा. कठडा धरायसाठीच असतो." विलोडीन भाषणाचं वाक्य तोडून थांबायची, आणि लोक कठडा धरायचे. पाहुणे गेल्यावर ती फडक्यानं तो पुसायची. एकदा मी तिला पुसता पुसता रडताना पाहिलं.

पण ती बाहेर काही पडली नव्हती, हेही खरं. तो खाली आला आणि तिचं आवार आणखी लहान झालं. पूर्वी निदान पाहुणे गेल्यावर वरच्या मजल्याचं दार लावता यायचं. आता घर उघडं असलं की नवरा उघडा, आणि ती उघडी. रात्री ती त्याच खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायची, कारण कोचावर झोपायचं नव्हतं. तो लाल मखमलीचा कोच युद्धाआधीचा. त्यावर बसायची कुणालाच परवानगी नाही. लग्न होऊन आल्यापासून विलोडीन त्याच्याभोवती वळसा घालून चालत आली होती.

सप्टेंबर संपता संपता, बस नसलेल्या आडवारी, मी दुपारी आंघोळ घालायला गेले तर पुढच्या दारावर काळी फीत. मी जागच्या जागी थांबले. रस्त्यावर एक गाडी नव्हती, पायरीवर एक डबा नव्हता. समोर मिस कॉर्डी व्हरांड्यात बसून मासिक चाळत होती. मला बघून तिनं मान हलवून हसून खूण केली, म्हणजे, बघितलंस अन्सेलचं नवं नाटक? आम्ही नाही फसणार पुन्हा. गाठ घरच्यांनीच मारलेली होती ना. घरचे बांधत नाहीत, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत.

मी पुढचं दार ढकललं. आतून कडी होती. दिवसाढवळ्या त्या दाराला कडी मी कधी पाहिली नव्हती. मागून गेले, हाक मारली, तेव्हा विलोडीननं मागचं दार उघडून मला आत घेतलं आणि तेही परत लावलं.

अन्सेल गेला होता, पहाटेच. तिनं त्याला पुसून, दाढी करून, निळा सदरा घातला होता. माझ्यासाठी काही काम शिल्लक ठेवलं नव्हतं. ती अनवाणी होती, घरातल्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. आणि ती जाऊन परत जिथे बसली तो लाल मखमलीचा कोच होता. पाय वर घेऊन.

मी म्हटलं, "मिस विलोडीन, फीत तुम्ही बांधलीत? मिस कॉर्डीला एक फोन करायचा होता."

"फोन केला असता तर ती आली असती," ती म्हणाली. "सगळे आले असते."

मी उभीच होते. ती म्हणाली, "लग्न होऊन या घरात आल्यापासून माझा नवरा आणि मी कधी एकटे नव्हतो, ओझेला. आधी सासू. मग मंडळ. मग बसगाड्या. आज सकाळपासून कुणी आलं नाही." तिनं त्याच्याकडे बघितलं. "इतकी वर्षं मला इथून बाहेर पडायचं होतं. आज दार माझ्या हातात आलं, तर मी आतून कडी लावून बसलेय. वेडी आहे का गं मी?"

मी नाही म्हटलं.

"लुशसला फोन कर," ती म्हणाली. "पण सावकाश यायला सांग."

मी फोनकडे वळले आणि परत फिरले. माझ्या खापरपणजीनं तो कोच रोज पुसला होता. आमच्या घराण्यातलं कुणी त्यावर कधी बसलेलं नव्हतं, आणि करवतवाल्याच्या घराण्यातलंही आज सकाळपर्यंत नाही. विलोडीन थोडी सरकली. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, समोर अन्सेल, भिंतीवर मिरवणूक. बऱ्याच वेळानं आम्ही एकमेकींकडे बघितलं, कारण दोघींच्याही पाठीला रग लागली होती. इतकी वर्षं जपलेला तो कोच बसायला अगदी टणक होता.